पावणेआठला घरी, साडेआठला पानं: नोकरदार घरातल्या रात्रीच्या जेवणाची घडी

ऑफिसातून निघून, लोकल पकडून डोंबिवलीच्या घरी शिरेपर्यंत मला पावणेआठ होतात. बायकोला आठवड्यातले तीन दिवस दुपारपाळी असते, त्या दिवशी ती साडेनऊशिवाय येत नाही. मुलगा चौथीत आहे, त्याला आठ वाजल्यापासून भूक लागलेली असते. आईच्या गोळ्या जेवणानंतरच्या, म्हणून तिला नऊच्या आत वाढायचं असतं. थोडक्यात, स्वयंपाकाला पाऊण तास मिळतो आणि हातपाय धुणं, मुलाची वही बघणं हेही त्याच पाऊण तासात करायचं असतं.

सहा वर्षांपूर्वी हे माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटायचं, वेळ शिजवण्यात जातो. एकदा घड्याळ लावून पाहिलं. पिठलं शिजायला दहा मिनिटं लागली. पण त्याआधी लसूण सोलण्यात सात मिनिटं गेली होती, कोथिंबीर निवडण्यात पाच, आणि आज करायचं काय हे ठरवण्यात जवळजवळ पंधरा. आच थोडा वेळ खाते. निवडणं, सोलणं, भिजणं आणि ठरवणं सगळ्यात जास्त. ही चारही कामं रात्री आठच्या आधी कधीतरी उरकलेली असली, तर पाऊण तासात चौघांचं गरम, घरचं जेवण आरामात होतं. पुढची सगळी घडी त्याच हिशेबाने बसवली आहे.

रात्री चारीठाव नको

सगळ्यात आधी मनातली एक गोष्ट बदलावी लागते. आपल्याकडे जेवण म्हटलं की पोळी, भाजी, वरण, भात, एखादी कोशिंबीर असं भरलेलं ताट डोळ्यांसमोर येतं. ते ताट फार सुंदर आहे आणि रविवारी दुपारी ते व्हायलाच हवं. पण रोज रात्री तसं करायचं म्हणजे चार भांडी चढवायची, चार घासायची, आणि करणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी गार अन्न जेवायचं.

रात्रीसाठी आम्ही एकच नियम ठेवला: एक मुख्य पदार्थ, एक तोंडीलावणं, आणि ताटात काहीतरी कच्चं. खिचडी, पापड, काकडी. पिठलं, भाकरी, कांदा. उसळ, पाव, लिंबू आणि कांदा-टोमॅटो. मुख्य पदार्थात धान्य आणि डाळ किंवा कडधान्य दोन्ही आलं की पोट नीट भरतं, अकरा वाजता कुणी डबे उघडत नाही. हे काही नवं शोधलेलं नाही. खिचडी, वरणफळं, पिठलं-भाकरी, डाळ-ढोकळी हे सगळे दिवसभर शेतात राबून आलेल्या घरांचेच पदार्थ आहेत. आपल्याला फक्त ते पुन्हा मुख्य जेवण म्हणून मानायचे आहेत.

रविवारचा दीड तास

हा दीड तास गेला की आठवडा गडगडतो, म्हणून मी तो शक्यतो टाळत नाही. सकाळी नाश्ता झाला की लगेच सुरू करायचं, जेवणानंतर अंगात उत्साह राहत नाही.

पहिलं काम कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं, कारण त्याला थंड व्हायला वेळ लागतो. चार मोठे कांदे उभे चिरून दोन चमचे तेलावर चांगले तपकिरी होईपर्यंत परतायचे. इथे घाई करू नका. कांदा नुसता गुलाबी झाला की उतरवलात, तर वाटण गोडूस लागतं आणि रस्सा फिका होतो. मला मध्यम आचेवर पंधरा ते अठरा मिनिटं लागतात. कांदा काढून त्याच कढईत एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर भाजायचं. खोबरं शेवटच्या अर्ध्या मिनिटात करपतं, म्हणून रंग बदलायला लागला की गॅस बंद करून तापलेल्या कढईतच हलवत राहायचं. त्यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या घालून, थंड झाल्यावर अगदी कमी पाण्यात बारीक वाटायचं. हे वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचं आणि गोठलेल्या वड्या पिशवीत काढून फ्रीजरमध्ये ठेवायच्या. चौघांच्या उसळीला तीन वड्या पुरतात, अंड्याच्या रश्शाला चार. महिनाभर चव टिकते. तिखट आणि मसाला यात घालत नाही, म्हणजे एकाच वाटणातून एके दिवशी गोडा मसाल्याची उसळ होते आणि दुसऱ्या दिवशी मालवणी मसाल्याची कोंबडी.

दुसऱ्या शेगडीवर तोवर शेंगदाणे. अर्धा किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजून, गार झाल्यावर सालं पाखडून जाडसर कूट करायचं. पावसाळ्यात बाहेर ठेवलेलं कूट लवकर खवट होतं, म्हणून ते फ्रीजमध्येच.

लसणाच्या चार गड्ड्या पाकळ्या सुट्ट्या करून कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकल्या की सालं हाताने निघतात. सोललेल्या पाकळ्या कापडावर कोरड्या करून, तळाला कागद घातलेल्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायच्या. आठवडाभर छान राहतात. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत काही घरांत आहे. ती कृपा करून बंद करा. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा जागी बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. त्यांच्या विषाला वास नसतो, चवही नसते.

कोथिंबीर धुवायची नाही. निवडून, पिवळी पानं काढून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. वापरायच्या वेळी हवी तेवढीच धुवायची. चिंचेचा कोळ वाटीभर काढून बरणीत ठेवला की पाच-सहा दिवस चालतो. नारळ खवून छोट्या पिशव्यांत फ्रीजरमध्ये गेला की झालं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम करत नाही: आठवड्याच्या सगळ्या भाज्या चिरून ठेवणं. वांगी, बटाटे काळे पडतात, चिरलेल्या कोबीला वास येतो, पालेभाजी मलूल होते. पालेभाजी रविवारी आणली तर सोमवार-मंगळवारी संपवायची. गवार, फरसबी, मटार यांचं मात्र निवडणंच खरं काम असतं, चिरणं नाही, आणि ते कुठेही बसून होतं. लोकलच्या बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. गेली दोन वर्षं बसायला जागा मिळाली की मीही पिशवीतून गवार काढतो. ठाण्याच्या पुढे जाईपर्यंत पावशेर होते.

रात्री दहाचे तीन प्रश्न

जेवणं झाली, ओटा पुसला, की दिवा मालवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. उद्या-परवासाठी काही भिजवायचं आहे का? फ्रीजरमधलं काही खाली उतरवायचं आहे का? विरजण लावलं का? याला तीन मिनिटं लागतात. ही तीन मिनिटं चुकली तर दुसऱ्या दिवशीची चाळीस जातात.

आमच्या फ्रीजवर एक कागद आहे. त्यावर पाच रात्री आणि पाच पदार्थ लिहिलेले असतात, रविवारी चौघं मिळून ठरवतो. कागदाचा मोठा फायदा असा की ज्याच्या हातात स्वयंपाक असेल त्याला फोन करून विचारावं लागत नाही. ज्या दिवशी बायको लवकर येते त्या दिवशी ती त्याच कागदावरून सुरुवात करते.

मोड आणायचं वेळापत्रक एकदा समजून घेतलं की कायमचं सोपं होतं. बुधवारी रात्री मटकीची उसळ हवी असेल, तर सोमवारी रात्री दहाला एक मोठी वाटी मटकी भरपूर पाण्यात भिजत घालायची. मंगळवारी सकाळी उपसून, निथळून, ओलसर पंचात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची. बुधवारी सकाळी चांगले मोड दिसतात आणि वाटीभर मटकीची अडीच ते तीन वाट्या होते. मे महिन्यात हेच काम मंगळवारी रात्रीच झालेलं असतं. तेव्हा लगेच फ्रीजमध्ये टाका, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो. डिसेंबरात उलट, पुरचुंडी बंद कुकरमध्ये किंवा मायक्रोवेव्ह न लावता नुसताच बंद करून त्यात ठेवायची.

घरात शिरल्यावर आधी कुकर

चपला काढल्या, हात धुतले, की पहिलं काम कुकर लावणं. कपडे बदलणं, चहा, गप्पा हे सगळं कुकर गॅसवर गेल्यानंतर. कुकरची वीस-पंचवीस मिनिटं कुणालाच कमी करता येत नाहीत, म्हणून ती आधी सुरू करायची.

साध्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे ते सुमारे 120 अंशांपर्यंत जातं आणि म्हणूनच डाळ इतक्या लवकर शिजते. गॅस बंद केल्यावरही आत दहा मिनिटं शिजणं चालूच असतं. शिटी वर उचलून वाफ काढली तर ती दहा फुकट मिनिटं जातात, शिवाय डाळ फसफसून बाहेर येते. शिट्ट्या झाल्या की हात लावायचा नाही. त्याच वेळात फोडणी आणि कोशिंबीर करायची.

डब्यांचा क्रम असा: तळाशी डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा आईसाठी दुधीच्या फोडी. एक वाटी तुरीच्या डाळीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. डाळ सकाळी निघताना धुऊन, पाणी घालून फ्रीजमध्ये ठेवली असेल तर चार शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. डाळ नेहमी दुप्पट लावा. शिजलेली बिनफोडणीची डाळ झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहते आणि ती पुढे गुरुवारी कामाला येणार आहे.

सोमवार: खिचडी

सोमवारी सगळेच दमलेले असतात, म्हणून एका भांड्याचा पदार्थ. मी इंद्रायणी तांदूळ घेतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण शिजल्यावर मऊ, चिकट आणि वासाचा होतो, खिचडीला अगदी हवा तसा. मोकळा मसालेभात करायचा असेल त्या दिवशी कोलम.

दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी सालाची मूगडाळ धुऊन निथळत ठेवा. दुसऱ्या बाजूला किटलीत सात वाट्या पाणी तापायला लावा; उकळतं पाणी घातलं की कुकरचा वेळ पाच-सहा मिनिटांनी कमी होतो. कुकरमध्येच तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, एक कांदा, बटाट्याच्या फोडी, असतील तर मटार. डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतायचे, मग पाणी, मीठ, दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ. तीन शिट्ट्या. उघडल्यावर घट्ट वाटली तर पुन्हा उकळतं पाणीच घाला, गार पाण्याने खिचडी पाणचट लागते. वर तूप आणि ओलं खोबरं. तोवर पापड भाजून होतात.

मंगळवार: पिठलं

पिठल्याबद्दल माझं ठाम मत आहे: ते नीट जमलं तर त्याच्यासारखं रात्रीचं जेवण नाही, आणि बिघडतं ते दोनच कारणांनी. एक तर गुठळ्या, दुसरं कच्चट वास.

एक वाटी बेसन एक वाटी गार पाण्यात आधी हाताने मोडून घ्या. गरम पाण्यात पीठ पडलं की प्रत्येक कणाच्या बाहेरची बाजू लगेच शिजते, आत कोरडं पीठ अडकतं, तीच गुठळी. कढईत तेल जरा सैल हाताने घालून मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या आणि कांदा. कांदा मऊ झाला की दोन ते अडीच वाट्या गरम पाणी, मीठ, दोन आमसुलं. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने कालवलेलं पीठ धार धरून ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. दाट झालं की आच मंद, झाकण, सहा-सात मिनिटं. पिठल्यावर फदफद बुडबुडे फुटायला लागले आणि कडेने तेलाची चमक दिसली की कच्चेपणा गेला. गॅस बंद करून कोथिंबीर.

कोकणातल्या घरांत कुळथाचं पिठलं होतं, ते आणखी लवकर होतं. चार-पाच चमचे कुळीथ पीठ आणि तीन वाट्या पाणी, पळीवाढं पातळ ठेवायचं, भातावर ओतून खायचं.

भाकरी येत नाही म्हणून पुष्कळ जण पिठल्याच्या वाटेला जात नाहीत. मलाही पहिले दोन महिने ती तव्यावर टाकताना तुटायची. आईने दोन गोष्टी सांगितल्या आणि काम झालं. ज्वारीचं पीठ ताजं हवं, आठ-दहा दिवसांच्या आत दळलेलं. आणि पीठ उकळत्या पाण्याने भिजवून, झाकून, सोसवेल तितकं गरम असतानाच मळायचं. ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेनचा चिकटपणा नाही. गरम पाण्याने तिच्यातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. हातावर थापणं जमेपर्यंत पोळपाटावर थोडं पीठ भुरभुरून थापा. चार भाकऱ्यांना पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी गरम भात आणि पिठलं, त्यातही काही कमी नाही.

बुधवार: उसळ

वाटणाच्या वड्यांचा खरा उपयोग आज. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, तीन वड्या टाकून तेल सुटेपर्यंत परतायच्या, मग तिखट, गोडा मसाला, मोडाची मटकी, दोन-तीन वाट्या गरम पाणी. झाकणावर पाणी ठेवून बारा-पंधरा मिनिटांत मटकी शिजते. बोटांत दाबली की दबावी, पण दाणा अख्खा राहावा. मीठ आणि थोडा गूळ शेवटी. घाई असेल तर कुकरला एक शिट्टी, जास्त नको, गरगट होतं.

मुलासाठी त्यावर फरसाण आणि कांदा घालून मिसळ, आईसाठी पोळीशी. पाव येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून. मोड आणायचे राहून गेले असतील तर चार अंडी उकडून याच वाटणात रस्सा करायचा, कृती तीच.

गुरुवार: वरणफळं

हा आमच्या घरचा सगळ्यात आवडता दिवस. कुठे याला चकोल्या म्हणतात, कुठे वरणफळं. लाटणं आहे म्हणून लोकांना हा पदार्थ लांबचा वाटतो, पण डाळ आधीच्या कुकरमधली तयार आहे, म्हणजे अर्धं काम संपलेलं आहे.

दोन वाट्या कणकेत चिमूटभर हळद, अर्धा चमचा तिखट, हातावर चुरलेला ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून पोळीपेक्षा जरा घट्ट मळा. सकाळच्या डब्याची कणीक उरली असेल तर तीच घ्या आणि त्यात कोरडं पीठ थोडं वाढवा. मोठ्या पातेल्यात फोडणी करायची: मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, लसूण, सुक्या मिरच्या. त्यात शिजलेली डाळ घोटून, साधारण दीड वाटी, आणि सहा वाट्या पाणी. हे पाणी जास्त वाटेल, पण फळं ते पिऊन टाकतात. आमटी आधीच दाट केली तर शेवटी गोळा होतो. चिंचेचा कोळ दोन चमचे, गूळ, गोडा मसाला, मीठ. याला उकळी येईपर्यंत पोळी लाटायची, नेहमीच्या पोळीपेक्षा किंचित जाड, आणि कातण्याने शंकरपाळ्यासारखी कापायची. कातणं फिरवायचं काम मुलाकडे आहे. त्याला वेडेवाकडे आकार काढायला मोकळीक आहे, शिजतात सगळे सारखेच.

आमटी खळखळत असतानाच फळं एकेक करून, सुटी सुटी सोडा. एकदम ओंजळभर टाकली किंवा उकळी मंदावली की ती एकमेकांना चिकटतात. सगळी टाकून झाल्यावर एकदाच हलक्या हाताने तळातून ढवळा, मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं ठेवा. एक फळ मोडून पाहा; मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. वाढताना खोलगट ताट, वर भरपूर तूप, दाण्याचं कूट, लिंबू. ही गरमच खायची. बायको साडेनऊला येणार असेल तर तिच्या वाटणीची फळं लाटून, कापून, पीठ भुरभुरून ताटलीत ठेवतो आणि आमटी वेगळी काढून ठेवतो. ती आली की ताजी टाकतो.

शुक्रवार

शुक्रवारी मासे. कोळंबी कोळणीकडूनच सोलून आणि मधला काळा दोरा काढून घेतली की घरी काम उरत नाही. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून ठेवायची, कांदा-टोमॅटो परतून त्यात आमसुलं आणि कोळंबी. पाच-सहा मिनिटांत ती वळते आणि गुलाबी होते, तेव्हाच उतरवा; आणखी पाच मिनिटं ठेवलीत तर रबरासारखी चिवट. बांगडा असेल तर कोकमाचं आगळ, तिखट, हळद, मीठ लावून तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तव्यावर, प्रत्येक बाजूला चार मिनिटं. बरोबर भात.

शाकाहारी शुक्रवार असला की थालीपीठ आणि दही. भाजणी तयार असेल तर त्यात कांदा, कोथिंबीर, तिखट, तीळ घालून भिजवणं एवढंच. दोन तवे एकदम लावले की आठ थालीपिठं वीस मिनिटांत होतात. कुणाचं पोट बरं नसेल तर तांदळाची उकड: एक वाटी पिठी, तीन वाट्या पातळ ताक, लसूण-मिरचीची फोडणी, दहा मिनिटं.

पोळ्यांचं काय

ज्या घरात रात्री पोळी लागतेच, तिथे दोन उपाय मी पाहिले आहेत. सकाळी डब्याच्या पोळ्या करताना सहा जास्त करून फडक्यात गुंडाळून ठेवणं, किंवा पोळी-भाजी केंद्रातून आणणं. दुसऱ्या उपायाला अनेक घरांत अजून कमीपणा मानतात, मला ते पटत नाही. या शहरात विकतचं घरगुती जेवण ही जुनी गोष्ट आहे. गिरणगावात बायका घरात खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. त्यांनाच एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपल्या रात्रीच्या पोळ्या दुसऱ्या कुणाच्या कष्टाच्या असतील तर योग्य पैसे द्यावेत, घासाघीस करू नये, आणि तो वेळ मुलांशेजारी बसायला वापरावा.

मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी संपवायची. हवा लागली की ती काळपट होते.

उरलेलं

रात्रीचं जेवण पाच माणसांचं करावं, चौघांचं नाही. पाचव्याचं उरतं ते सकाळच्या डब्यात जातं. उसळ, पिठलं, खिचडी यांना काही अडचण नाही, रात्रीच फ्रीजमध्ये गेलं पाहिजे एवढंच.

भाताबाबत मात्र काटेकोर राहा. रात्री भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, ही सवय आपल्याकडे खोलवर आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात झपाट्याने वाढून विष तयार करतात. ते विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करा, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून संपवा. शेंगदाणे, कढीपत्ता, लिंबू घालून केलेला फोडणीचा भात गारेगार भाताचाच मोकळा होतो. उरलेल्या पोळ्या कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतल्या की मुलाचा शनिवारचा नाश्ता होतो.

कुणी काय करायचं

हे सगळं एका माणसाच्या अंगावर पडलं तर महिन्याभरात मोडतं. आमच्याकडे पानं घेणं, पाणी भरणं, लिंबू-कांदा कापून ठेवणं मुलाचं आणि आजीचं. आईच्या ताटातलं तिखट पडण्याआधी बाजूला काढायचं, ही माझी जबाबदारी. जेवण झाल्यावर भांडी घासायला टाकताना ज्याने स्वयंपाक केला त्याने सिंकजवळ जायचं नाही. हा नियम बायकोने घातला, आणि घरातली चिडचिड कमी होण्यात त्याचा वाटा कुकरपेक्षाही मोठा आहे असं मला वाटतं.

कधी लोकल बंद पडते, नऊ वाजता दारात पाऊल पडतं, कागदावरचं काहीच होणार नसतं. त्या रात्रीसाठी मेतकुटाची बरणी आणि तूप नेहमी भरलेलं ठेवा. दीड वाटी इंद्रायणी, पाच वाट्या पाणी, मीठ, कुकरला चार शिट्ट्या, आसट भात. वर दोन चमचे मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, आणि भाजलेला पापड.